आधी मेंटेनन्स भरा, मग बोला

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत मॅनेजर असलेल्या माणसाला मे महिन्यात दोनच घोर असतात: टँकर आला का, आणि ग्रुपवर आज कोण तापलंय. त्या शनिवारी बी विंगमधल्या एका काकांनी सकाळीच ग्रुपवर बाटलीचा फोटो टाकला. पाणी गढूळ. खाली लिहिलेलं, 'हे आधी कमिटीनं पिऊन दाखवावं. चोर आहेत सगळे.'

खजिनदारांनी लगेच ठोकून दिलं, 'आधी मेंटेनन्स भरा, मग बोला.' काकांची थकबाकी होती, हे खरं. पण म्हणून त्यांच्या नळाला काही वेगळं पाणी येत नव्हतं. अर्ध्या तासात पाणी राहिलं बाजूला आणि जुनी उणीदुणी निघाली. पार्किंग, गणपतीची वर्गणी, कुणाचा तरी कुत्रा. सेक्रेटरी साहेबांनी वैतागून ग्रुप 'ओन्ली अ‍ॅडमिन' करून टाकला. २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं ही सोय दिली, तेव्हापासून कमिटीचं ते लाडकं बटण. मला म्हणाले, "उद्या कोणी भलतंसलतं लिहिलं तर पोलीस मला धरतील." तसं नसतं. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी नुसत्या अ‍ॅडमिनपणामुळे कोणी जबाबदार ठरत नाही, त्याचाही तसा इरादा असावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय. साहेबांच्या कानावर घातलं. "बघू," म्हणाले.

दुपारी वॉचमननं मला बाजूला घेतलं. बी विंगवाल्यांनी कमिटीला वगळून वेगळा ग्रुप काढला होता आणि तिथं तीन घरांतल्या मुलांना जुलाब लागल्याचं लिहिलं होतं. इकडे आमच्या ग्रुपवर शांतता, आणि कमिटी त्या शांततेवर खूश!

मी ऑफिसातली क्लोरिन तपासायची ओटीची बाटली काढली. पाण्यात क्लोरिन असेल तर थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होतं. ए विंगचं झालं. बी विंगचं रंग बदलेना. टँकर एकच, टाक्या वेगळ्या. म्हणजे घोळ टाकीत. प्लंबरला घेऊन अंडरग्राऊंड टाकीचं झाकण उचललं आणि वासानं दोघेही मागे सरलो. शेजारचं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं होतं. टाकीच्या आतल्या भिंतीवर, झाकणापासून थेट पाण्यापर्यंत, बोटभर रुंद काळपट ओघळ आला होता.

पंप बंद केला. पाणी पिऊ नका, एवढा निरोप द्यायचा, तर बी विंगमधले निम्मे लोक रागानं ग्रुप सोडून गेलेले. मग दारोदार फिरणं आलं. काकांच्या दारात म्हटलं, "पाण्याचं तुमचं बरोबर निघालं. पण काका, 'चोर' बरं नव्हतं."

"ग्रुप उघडा, तिथंच मागे घेतो."

संध्याकाळी कमिटी बसली. खजिनदार म्हणाले, तक्रार लेखी द्यावी, उपविधीत तसंच आहे. आहेच. लेखी अर्ज आला की कमिटीनं पुढच्या सभेत निर्णय घ्यायचा आणि तो १५ दिवसांत कळवायचा. पार्किंगच्या, गळतीच्या भांडणाला ही रीत चांगलीच आहे, कागद हातात राहतो. पण जुलाबाला पंधरा दिवस? बरीच घासाघीस होऊन ठरलं ते असं: पाणी, लिफ्ट, वीज याबद्दल कोणी कुठंही, कशाही सुरात बोललं तरी ते त्याच दिवशी माझ्या वहीत चढणार आणि काय केलं ते ग्रुपवर लिहिलं जाणार. शिवी असेल तर ती मागे घ्यायला सांगायची, तक्रार तशीच ठेवायची. आणि तक्रारीच्या उत्तरात थकबाकी काढायची नाही. वसुलीची नोटीस वेगळी जाऊ दे. हे शेवटचं खजिनदारांना पटलं नाही. अजूनही पटत नाही.

रविवारी चेंबर साफ झालं, टाकी उपसून धुतली, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली. पिवळ्या झालेल्या पाण्याचा फोटो घालून सेक्रेटरी साहेबांनी ग्रुप उघडला. काकांनी 'चोर' मागे घेतलं आणि त्या जागी 'बेफिकीर' लिहिलं. साहेब चडफडले. मी म्हटलं, "राहू द्या साहेब, ही शिवी नाही."

तेवढ्यात सी विंगमधून आलं, 'आमच्या पार्किंगचं काय?' साहेबांनी फोन माझ्यापुढे धरला. "घ्या, लिहा वहीत."