आजीचं चित्र, चार छटांत

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला येणाऱ्यांना कापडी पिशवी द्यायची आणि तिच्यावर आजीचंच चित्र छापायचं, असं घरात ठरलं. स्क्रीन प्रिंटिंगवाल्या काकांनी आधी विचारलं, "रंग किती?" प्रत्येक रंगाला जाळीची वेगळी फ्रेम लागते, म्हणून रंग मोजके आणि सपाट हवेत. फोटो पोस्टराइझ करायचं, म्हणजे त्यातल्या असंख्य छटा मोजक्या सपाट पातळ्यांवर आणायचं काम माझ्याकडे आलं. गिम्प हे फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, त्यातच केलं.

फोटो निवडताना घाई करू नये. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत चेहरा एकसारखा उजळतो आणि छटांना धरायला काही उरतच नाही. मी खिडकीशी बसलेल्या आजीचा फोटो घेतला. उजेड एका बाजूने आल्यामुळे नाकाची कड आणि गालाचा उंचवटा ठळक दिसत होता.

रंगीत फोटोवर पोस्टराइझ लावलं की लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनल (फोटोचे मूळ रंगघटक) वेगवेगळे तुटतात. पातळ्या ४ ठेवल्या तरी ६४ रंग निघू शकतात आणि गालावर हिरवट ठिगळं येतात. म्हणून आधी डीसॅच्युरेट करून फोटो राखाडी केला. मग मेडियन ब्लर दिला. त्याने त्वचेवरचे बारीक ठिपके जातात, कडा मात्र बऱ्यापैकी टिकतात.

खरी मेहनत कर्व्हजमध्ये, म्हणजे वक्ररेषा ओढून छटा गडद-उजळ करायच्या टूलमध्ये आहे. ० म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पांढरं धरलं, तर ४ पातळ्यांत गिम्प ०, ८५, १७० आणि २५५ एवढ्याच छटा ठेवतं, पण वाटणी समान नसते. साधारण ४२ पर्यंतचंच काळं होतं, पांढरं व्हायला २१३ च्या पुढे जावं लागतं. बाकी सगळं मधल्या दोन छटांत जमा होतं. त्यामुळे पोस्टराइझच्या आधी कर्व्हने केस आणि पापण्या खाली ओढल्या, कपाळ वर नेलं. कर्व्ह जरासा हलला तरी हनुवटीखालची सावली सरकते आणि माणूसच बदलतो. आजी ओळखू येईपर्यंत मी तो सोडला नाही.

डोळ्यांतले उजेडाचे ठिपके आणि नाकातली चमकी ब्लरमध्ये पुसली गेली होती. ती पेन्सिल टूलने पुन्हा भरली. एवढ्याशा पांढऱ्या ठिपक्यांनी नजर जिवंत झाली.

कापड मोतिया असल्याने सर्वांत उजळ छटेला शाई लागली नाही, तीन फ्रेममध्ये भागलं. एका रंगाचा सगळा भाग निवडणाऱ्या सिलेक्ट बाय कलर टूलचा थ्रेशोल्ड ० ठेवून (म्हणजे शेजारची छटा निवडीत येत नाही), कडा मऊ करणारं अँटीअलायझिंग बंद करून प्रत्येक छटा वेगळ्या लेअरवर, म्हणजे वेगळ्या थरावर घेतली. फाइल पीएनजीमध्ये दिली, कारण जेपेगमध्ये कडांभोवती कचरा जमतो. काका फिकट शाई आधी छापतात, गडद शेवटी. त्यांच्या सांगण्यावरून फिकट रंगाची कड गडद रंगाखाली किंचित वाढवून ठेवली, म्हणजे फ्रेम केसभर सरकली तरी मध्ये कापडाची रेघ उघडी पडत नाही.