भिंतीपाशी एक शनिवार: ओम्लूप बघायला जाणाऱ्यांसाठी

चूक आधी सांगून टाकते. १ मार्च २०२५ला बेल्जियममधल्या गेरार्ड्सबर्गेनच्या प्रसिद्ध चढावर मी अगदी मोक्याच्या जागी उभी होते. पुरुषांची सायकल शर्यत डोळ्यांसमोरून गेली आणि शेवट गाठायच्या हावेने मी ती जागा सोडून पळाले. दीर म्हणत होता, "वहिनी, थांबूया की. बायकांची शर्यत अजून यायचीय." ऐकलं नाही. पुढे काय झालं ते खाली येईलच.

ओम्लूप हेत न्यूसब्लाड ही फ्लँडर्समधली, म्हणजे बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या उत्तर भागातली, मोसमाची पहिली मोठी एकदिवसीय सायकल शर्यत. ती १९४५ साली सुरू झाली. पूर्वी हेत फोल्क या वर्तमानपत्राच्या नावाने ओळखली जायची, २००९मध्ये न्यूसब्लाडचं नाव आलं. जानेवारी-फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात, आखातात शर्यती होऊन गेलेल्या असतात, पण इथल्या माणसाला त्याचं काही नाही. त्यांच्या लेखी 'कूर्स', म्हणजे खरी सायकल शर्यत, सुरू होते ती याच शनिवारी. दुसऱ्या दिवशी, रविवारी, क्यूर्न-ब्रुसेल-क्यूर्न. एका मुक्कामात दोन शर्यती, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हाच शनिवार-रविवार धरावा असं मला वाटतं. पॅरिस-रूबेसारख्या जास्त नावाजलेल्या शर्यती मागून.

मुक्काम घेंटमध्ये करा. शर्यत तिथूनच निघते. आम्ही सकाळी सिटाडेल पार्कमधल्या कुइपके व्हेलोड्रोमकडे (सायकल शर्यतींचं बंदिस्त मैदान) गेलो, सेंट-पीटर्स स्टेशनपासून चालत दहाएक मिनिटं. संघांच्या बस, मेकॅनिक, आईच्या खांद्यावर बसलेली पोरं. सायकलपटू इथे जितके जवळून दिसतात तितके दिवसभरात पुन्हा दिसत नाहीत. सही हवी असेल तर इथेच. पण सगळे निघेपर्यंत रेंगाळू नका, कारण खरी जागा वेगळी आहे.

ती जागा म्हणजे गेरार्ड्सबर्गेनचा तोच चढ, मुर, शब्दशः भिंत. चढ साधारण एक किलोमीटरचा, सरासरी नऊ टक्क्यांच्या वर आणि सगळ्यात उभ्या ठिकाणी जवळजवळ वीस टक्के. शेवटचा भाग दगडी फरसबंदीचा, आणि माथ्यावर छोटं चॅपल. टूर ऑफ फ्लँडर्स या इथल्या एप्रिलमधल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीचा शेवट २०१२मध्ये औडेनार्ड गावी हलला तेव्हा हा चढ त्या शर्यतीतून गेला आणि गावाने जवळजवळ सुतक पाळलं. मग २०१८पासून ओम्लूपने तो जुना शेवट उचलला: आधी मुर, मग बोसबर्ग हा दुसरा चढ, मग निनोव्ह गावात शेवटची रेषा. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर जुन्या टूर ऑफ फ्लँडर्सचा शेवट बघायला मिळतो, आणि गर्दीही एप्रिलपेक्षा कमी.

घेंटहून गेरार्ड्सबर्गेनला आगगाडी आहे, झोटेगेममार्गे. सुरुवात बघून निघालं तरी शर्यतीच्या बऱ्याच आधी पोचता येतं, कारण सायकलवाले जवळजवळ दोनशे किलोमीटरचा वळसा घालून येणार असतात. एक सूचना: ब्रुसेल्सकडून येणार असाल तर फलकांवर आणि घोषणांमध्ये फ्रेंच नावंही येतात. गेरार्ड्सबर्गेन म्हणजे ग्रामों, घेंट म्हणजे गाँ, आणि रविवारी लागणारं कोर्ट्राइक म्हणजे कुर्त्रे. आम्ही पहिल्या दिवशी फलकाखाली उभं राहून फलकच शोधत होतो. शनिवारी-रविवारी छोट्या मार्गांवर गाड्या विरळ असतात, परतीची वेळ आधीच लिहून ठेवा.

स्टेशन खाली नदीकाठी, चॅपल वर टेकडीवर. चौकातून चढत गेलं की वीस-पंचवीस मिनिटं लागतात. चौकातच मत्तेनतार्त घ्या, पफ पेस्ट्रीत फाडलेल्या दुधाचं गोडसर सारण भरलेली छोटी टिक्की, या गावाची खासियत. दोन घ्या, वर थंडीत एक पुरत नाही. शौचालयही इथल्याच एखाद्या कॅफेत उरकून घ्या, खिशात सुटे सेंट ठेवा. रस्त्याच्या कडेला उभं राहायला तिकीट नाही, बाकीचा खर्च तुमच्या पोटावर अवलंबून.

कुठे उभं राहायचं? सगळे चॅपलखालच्या शेवटच्या वळणावर जातात, कारण टीव्हीवर तेच दिसतं. तिथे चार-पाच रांगांच्या मागे उभं राहून पाठी बघायच्या असतील तर जा. मला वाटतं, त्याच्या जरा खाली, झाडांमधल्या अरुंद पट्ट्यात जागा धरावी. या दिवसांत झाडं निष्पर्ण असतात, त्यामुळे खालून येणारा रस्ता खोडांच्या फटींतून दिसत राहतो. सायकली हाताच्या अंतरावरून जातात, म्हणून पाय आणि फोन दोन्ही आत ठेवा. लहान मूल असेल तर पुढे उभं करू नका.

वाट बघणं मात्र लांबतं. थर्मल, टोपी, दोन मोजे, थर्मास. ही शर्यत २००४मध्ये बर्फामुळे रद्द झाली होती, क्यूर्नची २०१३मध्ये. आमच्या वाट्याला ऊन आलं, पण सावलीत उभं राहिलं की पायाचे पंजे आहेत की नाहीत ते तपासावं लागत होतं. फ्लँडर्सचे काळ्या सिंहाचे पिवळे झेंडे, बिअरचे प्लास्टिकचे ग्लास. शेजारचे एक आजोबा कानाला छोटा रेडिओ लावून मधूनमधून बोटांनी मिनिटांचं अंतर दाखवत होते. भाषा समजली नाही तरी चालतं.

पालखी यायच्या आधी नगारा ऐकू येतो, तसं इथे आधी हेलिकॉप्टर. मग पोलिसांच्या मोटारसायकली, मग लाल गाड्या, मग खालून उसळत येणारा आरडाओरडा, आणि मग अचानक ते. पहिले दहा सेकंद मी श्वास घेतला नसावा. टीव्हीवर न कळणारी गोष्ट म्हणजे आवाज. फरसबंदीवर सायकली खडखडतात, आणि त्यावरून त्यांचा श्वास ऐकू येतो.

पण खरं बघण्यासारखं नंतर असतं. पुढचे गेले की अर्धी गर्दी पांगते. थांबा. तुकड्या-तुकड्यांनी उरलेले येत राहतात, शेवटचे नागमोडी, पार या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्यांना लोक नावाने हाका मारत होते. एकाचं हँडलबार डगमगलं तेव्हा त्या आजोबांनी रेडिओ खाली ठेवला.

आणि इथेच मी पळाले. हिशेब सोपा होता, मी तो केला नाही एवढंच. मुरपासून निनोव्हची शेवटची रेषा सोळाएक किलोमीटर, म्हणजे त्यांना वीस-पंचवीस मिनिटं. मला खाली स्टेशन गाठायलाच तेवढी. गाडी आमच्या डोळ्यांदेखत गेली. पुढच्या गाडीची वाट बघत आम्ही फलाटावर दीराच्या फोनवर शेवट पाहिला. निनोव्हमध्ये मोठ्या घोळक्याची स्प्रिंट, म्हणजे रेषेपर्यंतची सुसाट झेप, झाली आणि नॉर्वेचा सोरेन वेरेनस्कोल्ड जिंकला.

तेही चाललं असतं. पण त्याच वेळी वर मुरवर बायकांची शर्यत येत होती. सुरुवातीला निसटलेल्या मोजक्या जणींना जथ्याने दहा मिनिटांहून जास्त आघाडी घेऊ दिली होती, आणि नावाजलेल्या बायका त्यांना गाठू शकल्या नाहीत. बेल्जियमची लोटे क्लास जिंकली, जिचं नाव सकाळी कोणी घेत नव्हतं. दीर काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

बायकांच्या शर्यतीचं इथलं आणखी एक जुनं प्रकरण आहे. २०१९मध्ये स्वित्झर्लंडची निकोल हान्सेलमान एकटी निसटून एवढी पुढे गेली की पुढे चाललेल्या पुरुषांच्या ताफ्याला जवळजवळ धडकली, आणि पंचांनी बायकांचीच शर्यत काही मिनिटं थांबवली. तेव्हा वेळापत्रक बघताना दोन्ही शर्यतींच्या मुरवरच्या अंदाजे वेळा लिहून घ्या आणि दोन्ही होईपर्यंत हलू नका.

रविवारी शहाणपण आलं होतं. क्यूर्न कोर्ट्राइकला लागून आहे. नावात ब्रुसेल असलं तरी शर्यत ब्रुसेल्सला जात नाही. गाव आधीच मोक्याचं, कारण सुरुवात आणि शेवट तिथेच. इथे बहुतेकदा स्प्रिंटर जिंकतो, म्हणून शेवटच्या रेषेपाशी उभं राहण्यात अर्थ आहे, पण रेषेवर नको. तिच्या शंभर-दीडशे मीटर आधी राहिलात तर स्प्रिंट सुरू झालेली दिसते. यास्पर फिलिप्सेनने ओलाव्ह कोइला मागे टाकलं. विजेत्याला इथे गाढवाचं खेळणं देतात, कारण क्यूर्नच्या लोकांना शेजारचे 'गाढवं' म्हणतात: पूर्वी इथले भाजीवाले गाढवांच्या गाड्या घेऊन भल्या पहाटे कोर्ट्राइकच्या बाजारात जायचे. फिलिप्सेन मंचावर ते काखेत धरून उभा होता.

परत कोर्ट्राइक स्टेशनपर्यंत आम्ही चालत आलो. बससाठी झालेली रांग पाहिलीत तर तुम्हीही चालाल.