लॉगिन झाले, झाले नाही आणि अजून ठाऊक नाही

चोपडा तालुक्यातील केळी उत्पादकांच्या एका गटासाठी मी वेब अ‍ॅप तयार करायला घेतले, तेव्हा मागणी अगदी साधी वाटली होती. लॉगिन न करता आलेल्या माणसाला त्या दिवसाचा नवती (नव्या लागवडीची केळी) आणि पिलबाग (खोडव्याची केळी) यांचा क्विंटलचा भाव दिसावा, सभासदाने लॉगिन केले की त्याच्या काटा पावत्या (मालाच्या वजनाच्या पावत्या) आणि येणे-बाकी दिसावी आणि भाव बदलण्याचे बटण फक्त गटाचा हिशोब लिहिणाऱ्यांनाच दिसावे. मागणीत ‘दिसावे’ हा शब्द होता आणि मीही तो तसाच शब्दशः घेतला.

पहिल्या आवृत्तीत सगळी बटणे पानावर होतीच. ज्याला दाखवायची नाहीत त्याच्यासाठी पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधील ‘डिस्प्ले नन’ या सूचनेने ती झाकली होती. जळगावला संगणकशास्त्र शिकणारा एका सभासदाचा मुलगा सुट्टीत घरी आला, त्याने ब्राउझरचे तपासणीचे साधन उघडून ती एक ओळ पुसली आणि झाकलेले बटण दाबून पाहिले. विनंत्यांना उत्तरे देणाऱ्या सर्व्हरनेही कोण विचारतो आहे हे न पाहता त्याचे ऐकले. पुढची वीस मिनिटे आमच्या अ‍ॅपवर नवतीचा भाव क्विंटलला एक रुपया होता आणि तेवढ्या वेळात दोन व्यापाऱ्यांचे फोन येऊन गेले. मुलाने स्वतःहून सांगितले म्हणून बरे झाले. वेब सुरक्षेचे काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत प्रवेश-नियंत्रणातील त्रुटी पहिल्या क्रमांकावर आहेत, हे मी पूर्वी वाचले होते. पण वाचलेले हाताशी नव्हते. त्या रात्री मी भाव बदलणाऱ्या, पावती दाखवणाऱ्या आणि खाते जोडणाऱ्या प्रत्येक विनंतीवर सर्व्हरमध्येच तपासणी घातली. बटण लपवणे ही वापरणाऱ्याची सोय आहे आणि परवानगी सर्व्हरनेच द्यायची असते, एवढे त्यातून पक्के झाले. हा भाग एका रात्रीत संपला. पुढच्या भागाला मात्र तीन आठवडे लागले.

दुसरी आवृत्ती मी रिअ‍ॅक्ट या पाने बांधण्याच्या जावास्क्रिप्ट संचात लिहिली. लॉगिनची खूण ‘एचटीटीपी-ओन्ली’ कुकीत, म्हणजे ब्राउझर जपून ठेवतो अशा छोट्या नोंदीत ठेवली. अशी कुकी पानात चालणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडला वाचता येत नाही, त्यामुळे पानात एखादी परकी स्क्रिप्ट घुसली तरी ती खूण तिच्या हाती लागत नाही. पण त्याच कारणाने माझ्या स्वतःच्या कोडलाही समोर कोण आहे हे कळत नाही. पान उघडल्यावर सर्व्हरला ‘हा कोण?’ असे विचारावे लागते. उत्तर येईपर्यंत काय दाखवायचे याचा विचार मी केलाच नव्हता. ‘लॉगिन आहे का’ या चलाची (व्हेरिएबलची) सुरुवातीची किंमत मी ‘नाही’ अशी ठेवली होती. माझ्या घरच्या वायफायवर उत्तर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच येत असे, म्हणून ही चूक मला कधी दिसली नाही.

ती दिसली सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या एका मळ्यात. कटाई चालू होती, घड ट्रकजवळ आणून ठेवले जात होते आणि गटाचे एक सभासद आबा झाडाच्या सावलीत फोन धरून उभे होते. त्यांनी पान उघडले, वरच्या कोपऱ्यात ‘लॉगिन करा’ असे निळे बटण आले आणि आबांनी ते लगेच दाबले. ओटीपीचे पान उघडत असतानाच मागून सर्व्हरचे उत्तर आले आणि पान पुन्हा पावत्यांकडे उडाले. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, “मी ते काल लॉगिन करेल व्हतं, मंग हाई आज परत काबर इचारस?” त्यांच्या फोनमध्ये सकाळपासून आलेले पाच ओटीपी होते.

आबांचा प्रश्न बिनतोड होता. माझ्या कोडमध्ये दोनच अवस्था होत्या आणि खरी अवस्था त्या क्षणी तिसरीच होती : अजून ठाऊक नाही. ते चल मी ‘अज्ञात’, ‘पाहुणा’ आणि ‘सभासद’ अशा तीन किमतींचे केले. अज्ञात असताना कोपऱ्यात बटणही नाही आणि नावही नाही, फक्त तेवढ्याच रुंदीची फिकट राखाडी पट्टी. रुंदी तेवढीच ठेवली, म्हणजे उत्तर आल्यावर बाकीचा मजकूर सरकत नाही आणि बोट भलत्याच ठिकाणी पडत नाही. भाव मात्र पहिल्या क्षणापासून दिसतो, कारण तो सर्वांसाठीच आहे. सर्व्हरनेच कुकी पाहून नावासकट पान तयार करून पाठवणे हाही मार्ग होता. पण भावाचे पान मी कॅशमध्ये, म्हणजे सर्वांना तीच तयार प्रत देता यावी म्हणून साठवून ठेवले होते आणि एका सभासदाचे नाव असलेली प्रत दुसऱ्याला जाण्याची भीती मला नको होती.

एवढे करूनही रेंज गेली की सभासद बाहेर फेकले जात होते. शोधताना लक्षात आले की ‘हा कोण?’ या विनंतीत कोणतीही अडचण आली तरी माझे कोड तिला ‘पाहुणा’ समजत होते. सर्व्हरने ४०१ हा संकेत दिला तर ओळख पटलेली नाही, ४०३ दिला तर विनंती कळली पण परवानगी नाही आणि काहीच उत्तर आले नाही तर त्यातून लॉगिनविषयी काहीच कळत नाही. मी तिन्ही एकाच टोपलीत टाकले होते. आता फक्त ४०१ आल्यावरच लॉगिनचे बटण येते. ४०३ आल्यावर ‘हे काम हिशोब विभागाकडे आहे’ अशी ओळ येते आणि उत्तरच न आल्यास पट्टी राखाडीच राहून काही सेकंदांनी पुन्हा विचारणा होते.

गटाच्या कार्यालयातील सामायिक संगणकावर आणखी एक गंमत झाली. एकाने लॉगआउट केले आणि पुढच्याने मागे जाण्याचे बटण दाबले, तर आधीच्याची येणे-बाकी समोर. ब्राउझरने ते पान स्वतःच्या स्मृतीतून जसेच्या तसे काढले होते. खासगी पानांना ‘नो-स्टोअर’ची, म्हणजे प्रत साठवू नये अशी सूचना जोडली, शिवाय पान स्मृतीतून परत आले असेल तर अवस्था पुन्हा अज्ञात करून सर्व्हरला विचारायला लावले.

शेवटची दुरुस्ती आबांच्याच घरून आली. तिथे फोन एक आणि खाती दोन, आबांचे आणि त्यांच्या धाकट्या भावाचे. लॉगिन आहे एवढे कळून त्यांना उपयोग नव्हता, कोणाचे आहे ते हवे होते. म्हणून कोपऱ्यातील गोल चित्र काढून तिथे पूर्ण नाव लिहिले आणि त्याखाली ‘खाते बदला’ हा दुवा ठेवला. आबा आता आधी नाव वाचतात आणि मगच पावती उघडतात.