नावाच्या पट्ट्या

“आई, निघ आता. अंधार पडायच्या आत मोटरवेला लाग.”

हे खरं तर माझ्या तोंडचं वाक्य. आज होस्टेलच्या दारात उभं राहून लेकाने मला ऐकवलं. वय वर्षं १६. आता २ वर्षं इथेच, ए-लेव्हलचे, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीचे, ३ विषय. इंग्लंडमधल्या सरकारी बोर्डिंग शाळांत शिकवणं फुकट, पैसे फक्त राहण्या-जेवणाचे. म्हणून तर हे जमलं.

प्रत्येक कपड्यावर नावाची पट्टी हवी म्हणून आठवडाभर शिवत होते, अगदी मोज्यांवरसुद्धा. त्याने कपाट स्वतः लावलं. मेतकुटाची बरणी स्वेटरांच्या मागे सरकवली. लपवली नाही हं, जपून ठेवली.

घरी आले, तर सोफ्याखाली एक मोजा. नाव शिवलेला.

तोच हातात धरून बसलेय. पोस्टाने पाठवू, की राहू दे माझ्याकडे?