मत, भोट, ओटु : चिमूर ते सिरोंचा

नागपुरातून निघालो तेव्हा गाडीच्या डिकीत पत्रकांचे सहा गठ्ठे होते आणि सगळी पत्रकं मराठीत होती. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. आईनं हातावर कडुनिंब-गूळ ठेवला आणि आम्ही उमरेड रोडला लागलो. वर्ध्याची एक मैत्रीण, पुण्याहून आलेला एक मित्र, ब्रह्मपुरीचा एक मित्र, मी, आणि गाडी चालवणारे काका. लोकसभेच्या पहिल्या टप्प्याचं मतदान १९ तारखेला होतं. गडचिरोली-चिमूर मतदारसंघात आमच्या उमेदवाराचा प्रचार करत जमेल तितकं दक्षिणेला जायचं, एवढंच ठरलं होतं. पक्षाचं नाव इथे लिहीत नाही. मतं मागून झाली. आता त्या रस्त्याबद्दल आणि त्यावर भेटलेल्या माणसांबद्दल लिहायचं आहे.

हा मतदारसंघ नकाशावर बघितला तरी दमायला होतं. सहा विधानसभा क्षेत्रं, तीन जिल्हे. वर गोंदिया जिल्ह्यातलं आमगाव, बाजूला चंद्रपूर जिल्ह्यातले चिमूर आणि ब्रह्मपुरी, मग आरमोरी, गडचिरोली, आणि खाली थेट तेलंगणाला टेकलेलं अहेरी. आमगावहून सिरोंच्याला रस्त्यानं जायचं तर साडेतीनशे किलोमीटरच्या वर. एका खासदाराला एवढा मुलूख. आमगाव आम्ही दुसऱ्या गटाकडे दिलं आणि चिमूरपासून सुरुवात केली.

चिमूर म्हटलं की आमच्याकडे १६ ऑगस्ट १९४२ आठवतो. गाव इंग्रजांविरुद्ध उठलं तो दिवस. पहिली सभा तिथेच, चौकात, पन्नासेक माणसांपुढे. मी पहिल्यांदा माइक हातात घेतला. काय बोलले ते आता नीट आठवत नाही, पण समोरच्या पानटपरीवाल्या भाऊंनी हातातलं काम थांबवून शेवटपर्यंत ऐकलं, ते आठवतं.

ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी हा झाडीपट्टीचा भाग. वडशाला रेल्वे स्टेशन आहे, गडचिरोली जिल्ह्यातलं एकुलतं एक. झाडीपट्टीची नाटकं इथूनच गावोगावी निघतात. थिएटरचा हंगाम संपलेला होता, पण मंडळांचे फलक दुकानांवर होतेच. इथे आमची पत्रकं चालली. ब्रह्मपुरीच्या मित्राची बोली तीच, त्यामुळे तो दोन वाक्यांत माणूस आपलासा करायचा. आरमोरीजवळच्या एका गावात म्हातारबाबांनी पत्रक घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "वाचतो जी मी. पन धानाचे चुकारे कवा भेटतेत ते यात लिवलं हाये का?" लिहिलेलं नव्हतं. हमीभाव होता, खरेदी केंद्रं होती, पण विकलेल्या धानाचे पैसे हातात कधी पडतील, हा त्यांचा साधा प्रश्न त्यात नव्हता. मी वहीत लिहून घेतला. पुढे ही वही पत्रकांपेक्षा जास्त उपयोगी पडली.

त्याच गावात कळलं की संध्याकाळी बैठक ठेवायची नाही. छत्तीसगडातून २०२१ मध्ये आलेला हत्तींचा कळप या भागात फिरतो, उभा धान तुडवतो. आणि वाघाची भीती तर रोजचीच. सरपणाला, मोहफुलांना, शेतावर जाणारी माणसं मारली गेली आहेत. त्यामुळे दिवस मावळायच्या आत लोक दारं लावून घेतात. शहरात प्रचाराची खरी वेळ संध्याकाळची. इथे तीच वेळ गेली.

१२ तारखेला धानोरा रस्त्यावर मेंढा (लेखा) लागलं. २००९ मध्ये शेजारच्या मर्दा या गावासोबत देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळवलेलं गाव. सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा कारभार ग्रामसभा बघते, आणि तिथे निर्णय बहुमतानं होत नाही, सगळ्यांच्या संमतीनं होतो. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथली. आम्ही मतं मागायला आलेली माणसं, म्हणजे एका मतानं जिंकलं तरी जिंकलं असं मानणारी. त्या गावात गाडीवरचा भोंगा लावावासा आम्हाला कुणालाच वाटला नाही. पाणी प्यायलो, दोन घरांत बसलो, बांबूबद्दल ऐकलं आणि निघालो.

गडचिरोलीत आमच्या गाडीत सहावी आली. ती एटापल्ली तालुक्यातल्या एका गावची, गडचिरोलीला पदवीचं शिकते, मातृभाषा माडिया. तिनं डिकीतले गठ्ठे बघितले. रागावली नाही. शांतपणे विचारलं, "ताई, खाली हे कोण वाचेल?"

हा प्रश्न नागपुरात कुणालाच कसा पडला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. छापणाऱ्यांना नाही, वाटणाऱ्यांना नाही, मलाही नाही. माझं सगळं शिक्षण विदर्भात झालं आणि गडचिरोलीचा 'आदिवासी जिल्हा' म्हणून मी कितीदा उल्लेख केला असेल. पण तिथे आईला हाक कोणत्या भाषेत मारतात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

चामोर्शीच्या पुढे मुलचेऱ्याकडे वळलो आणि भाषा बदलली. ही बंगाली वस्ती. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारनं इथे जमिनी देऊन वसवलं. गावात शिरलं की तळी, केळी, अंगणात तुळशीचा ओटा. त्या दिवशी १४ एप्रिल, बंगाली नववर्ष आणि बाबासाहेबांची जयंती एकाच दिवशी. एका घरात भात आणि माशाचा रस्सा जेवलो. आजी म्हणाल्या, "भोट तो प्रत्येकबार दिइ." मत तर दरवेळी देतोच. त्यांच्या मुलानं पुढचं मराठीत सांगितलं. बंगालमध्ये त्यांच्या जातीला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, महाराष्ट्रात मिळत नाही. नातवंडांची पिढी आली तरी हा प्रश्न तसाच आहे. वहीत तिसरं पान भरलं. संध्याकाळी आलापल्लीत पोचलो तर निळे झेंडे आणि मिरवणूक. काकांनी गाडी कडेला घेतली आणि आम्ही सगळे अभिवादनाला गेलो. प्रचाराच्या टोप्या गाडीत ठेवून गेलो, हे काकांनी सुचवलं.

आलापल्ली ते एटापल्ली अंतर फार नाही, तीसेक किलोमीटर. पण सुरजागडच्या पहाडातून लोहखनिज घेऊन येणारे ट्रक समोरून एकामागून एक येतात आणि रस्त्याकडेची झाडं लाल झालेली आहेत. पानं लाल, घरांच्या भिंती लाल, सायकलवरच्या पोरांचे शर्ट लाल. खिडक्या बंद करून ४२ अंशांत बसलो. कुणी काही बोललं नाही.

आमच्या सोबतिणीच्या गावात सकाळी आठला पोचलो. गाव रिकामं. कुत्री, कोंबड्या, एक आंधळी आजी आणि ओट्यावर दोन लेकरं. एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. लोक पहाटे तीन-चारला टोपल्या आणि बॅटरी घेऊन जंगलात जातात, प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात. मोह म्हणजे घरातली रोकड. तेंदूपत्ता मे महिन्यात, तोवर याच फुलांवर मीठ-मिरची चालते. भल्या सकाळी गावात जाऊन सगळ्यांना गाठायचं, हा आमचा बेत तिथेच मोडला. मग सोबतीण म्हणाली, चला जंगलात.

झाडाखालची जागा पालापाचोळा काढून स्वच्छ केलेली आणि त्यावर फिकट पिवळी, रसरशीत फुलं. वास गोड आणि जड. "जोहार" केला. तिच्या काकूनं आमच्याकडे बघितलं, माडियात काहीतरी म्हणाली. सोबतीण हसली. "म्हणते, बोलायचं असेल तर बोला, पण हात रिकामे ठेवू नका."

आम्ही वेचायला बसलो. मी तासभर वाकून वेचलं आणि माझी टोपली अर्धीही भरली नाही, काकूंच्या दोन झाल्या होत्या. वेचता वेचता सोबतीण त्यांना सांगत होती: उमेदवार कोण, चिन्ह कोणतं, यंत्रावर कितवं बटण. आमच्या पत्रकातली तीन पानं तिनं पाच-सहा वाक्यांत आणली. मी फक्त मधूनमधून चिन्हाचं नाव ओळखत होते आणि पाण्याला ते 'एर' म्हणतात एवढं शिकले.

मग काकूंनी जो प्रश्न विचारला, त्यावर आम्हाला काही सुचेना. गडचिरोली जिल्ह्यात सुरक्षेमुळे मतदान सकाळी ७ ते दुपारी ३ एवढंच असतं. त्यांचं केंद्र गावापासून आठ किलोमीटरवर. चालत जायचं, चालत यायचं. आणि मोह पडतो पहाटेपासून ऊन चढेपर्यंत. त्या दिवशी फुलं कोण वेचणार? उचलली नाहीत तर गुरं खातात, हरणं खातात. एका मताची किंमत म्हणजे त्या घराची एका दिवसाची फुलं. मतदान वाढावं म्हणून शहरात होर्डिंग लावतात, धावण्याच्या स्पर्धा घेतात. आठ किलोमीटर आणि एक टोपली मोह, हा हिशोब मी पहिल्यांदाच ऐकला.

उत्तर आमच्याकडे नव्हतं. उत्तर बायकांनीच काढलं. नऊपर्यंत वेचायचं, शेजारणीच्या झाडाकडे मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं लक्ष ठेवायचं, आंबील बांधून घ्यायची आणि सगळ्यांनी एकदम निघायचं. कुणाला मत देणार, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. आपला उमेदवार जिंकावा असं मला मनापासून वाटत होतं, पण त्या सकाळी त्या बायका केंद्रापर्यंत पोचाव्यात, हेच जास्त वाटत होतं.

भामरागड राहिलं. पर्लकोटा नदीचं पाणी पावसाळ्यात पुलावरून जातं आणि अख्खा तालुका तुटतो, हे ऐकून तिथे जायचंच होतं, पण दिवस उरले नव्हते. १६ ला आलापल्लीहून सिरोंच्याला निघालो. शंभरेक किलोमीटर, कुठे डांबर, कुठे खडी, कुठे नुसती माती. दोन्हीकडे साग. चार तास लागले.

सिरोंच्यात उतरलो आणि पुन्हा भाषा बदलली. दुकानांच्या पाट्या मराठीत, दुकानातलं बोलणं तेलुगूत. पाणी मागितलं तर 'नीळ्ळु', मताला 'ओटु'. मराठी पत्रक लोक आदरानं हातात घेत आणि बाजूला ठेवत. तिथल्या कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणाल्या, तेलुगूत करून देतो. पण छापायचं तर मुद्रक-प्रकाशकाचं नाव, प्रतींची संख्या, खर्चाच्या नोंदी, आणि हातात होती एक रात्र. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७अ मी वाचलेलं होतं. त्यात 'छपाई'च्या व्याख्येतून एकच गोष्ट वगळली आहे: हातानं नक्कल करणं.

मग रात्री एका घराच्या गच्चीवर सात जणी बसल्या. तेलुगू अक्षर येणाऱ्या चौघी लिहीत होत्या, आम्ही कागद कापत होतो, चहा करत होतो. आरमोरीच्या बाबांचा चुकाऱ्यांचा प्रश्न त्यात घातला, आणि सिरोंच्यातल्या मैत्रिणींचा स्वतःचाही. पलीकडे गोदावरीवर तेलंगणाचं मेडीगड्डा धरण आहे, २०१९ मध्ये सुरू झालेलं. त्याच्या पाण्यानं काठची शेती बुडते आणि मोबदल्यासाठी शेतकऱ्यांना भांडावं लागतं. ही ओळ मूळ पत्रकात नव्हती. उमेदवाराच्या प्रतिनिधीला फोन करून विचारली, त्यांनी हो म्हटलं, मगच लिहिली. पहाटे दोनपर्यंत एकशे चाळीस प्रती झाल्या. सगळ्या प्रवासात मला सर्वांत अभिमान वाटतो तो या एकशे चाळीस कागदांचा. सकाळी ते देताना लोक उभ्या उभ्या वाचत होते. एक बाई वाचून संपेपर्यंत भाजीवाल्याला थांबवून होती.

१७ तारीख, रामनवमी. मतदान संपण्याच्या ४८ तास आधी प्रचार थांबतो, म्हणजे इथे दुपारी ३ ला. त्यानंतर मतदारसंघाबाहेरच्या कार्यकर्त्यांनी तिथे थांबायचं नाही. बरोबर तीनला काकांनी भोंगा उतरवला, परवान्याचा कागद काचेवरून काढला. समोरच्या देवळात सीता-रामाचं लग्न लागलं होतं. मांडवातून कुणीतरी हाक मारली आणि आमच्या हातात पानकमचे पेले दिले. गूळ, मिरी, वेलची घातलेलं गार पाणी. नऊ दिवसांचा घसा त्या एका पेल्यानं शांत झाला.

सोबतीण एसटीनं एटापल्लीकडे गेली. तिचं मत तिथे होतं. आम्ही गोदावरीच्या पुलावरून पलीकडे काळेश्वरमला उतरलो. पाच मिनिटांत मतदारसंघ संपला, राज्यही संपलं. डिकीत मराठी पत्रकांचे अडीच गठ्ठे शिल्लक होते. तेलंगणातून, मग चंद्रपूरवरून नागपूर गाठलं.

१९ ला नागपुरातही मतदान होतं. सकाळी रांगेत उभं राहून, दहा मिनिटांत मत देऊन मी घरी आले आणि फोन हातात घेऊन बसले. तिच्या गावात रेंज नाही. संध्याकाळी सातला ती टेकडीवर चढली असावी, कारण एकदम तीन निरोप आले. पहिल्यात बोटावरची शाई. दुसऱ्यात: 'काकू, आत्या, सगळ्या गेल्या. अकराला पोचलो, दीडला मत झालं.' तिसऱ्यात मोहाच्या टोपलीचा फोटो, आणि खाली: 'आज कमीच भरली.'

पुढे आकडे आले तेव्हा महाराष्ट्रातल्या ४८ मतदारसंघांत सर्वांत जास्त मतदान गडचिरोली-चिमूरचं होतं, जवळपास ७२ टक्के. मी तो आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला आणि त्याच्या शेजारी, आठवलं तसं, काकूंच्या झाडाचं चित्र काढलं.