शनिवारी बाराचा भोंगा

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मनला राहायला आल्यावरच्या पहिल्याच शनिवारी मी बाथरूमच्या टबात बसले होते, डोक्यावर उशी धरून. बाहेर भोंगा कोकलत होता. नवरा दुकानात गेला होता आणि फोन उचलत नव्हता. थोड्या वेळाने आवाज थांबला. खिडकीतून डोकावले, तर शेजारचे गृहस्थ निवांत गाडी पुसत होते आणि आभाळात औषधालाही ढग नव्हता.

ओक्लाहोमा सिटीच्या आसपास दर शनिवारी दुपारी बाराला वादळाचा इशारा देणाऱ्या भोंग्यांची चाचणी असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हवा बिघडायची शक्यता असेल, तर त्या शनिवारी चाचणी रद्द करतात. लहानपणी निफाडकडे साखर कारखान्याचा भोंगा झाला की आई तवा चुलीवर ठेवायची. भोंगा म्हणजे जेवण, हे डोक्यात पक्कं बसलेलं. आणि इथे वादळांच्या मागे धावायचं म्हणून हौसेने आलेली बाई टबात उशी घेऊन!

हे खूळ कुठून आलं, ते आधी सांगते. २०१४ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली, तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. आमच्या बागेतली द्राक्षं उतरायला आठ दिवस राहिले होते. दोन दिवसांनी घरी गेले, तेव्हा बागेत आंबूस गोड वास भरला होता आणि अण्णा तारेवर लोंबकळणाऱ्या देठांकडे बघत उभे होते. मला राग यायला हवा होता. पण माझ्या डोक्यात एकच प्रश्न घुमत राहिला, की एवढा मोठा बर्फ वर आभाळात तोलून धरतं कोण? पुढे एका विमा कंपनीत आकडेमोडीचं काम मिळालं, अमेरिकेत आले, न्यू जर्सीत एडिसनला राहिले. गारांच्या नुकसानीचे दावे हाच माझा विषय झाला. तेच बघणारी दुसरी टोळी ओक्लाहोमा सिटीत होती. तिथे जागा निघाली आणि मी हात वर केला. एडिसनमधल्या मैत्रिणींना वाटलं, मला शिक्षा म्हणून पाठवताहेत.

जाणं सोपं नव्हतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर कंपनी तीच राहिली तरी गाव बदललं की अर्ज नव्याने दाखल करावा लागतो. २०१५ मधल्या एका निकालानंतर हे पक्कं झालं. नव्या गावचा पगाराचा दर, त्याची कामगार खात्याची मंजुरी, मग सुधारित अर्ज. तो दाखल झाला की निघता येतं, पण दाखल होईपर्यंत नाही. नवऱ्याचं काम घरूनच चालतं, म्हणून मला वाटलं त्याचं काही नडणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, घर हेच त्याचं कामाचं ठिकाण, त्यामुळे त्याचाही अर्ज. शिवाय कामाच्या जागी पगाराची नोटीस दहा दिवस दिसेल अशी लावायची, दोन ठिकाणी. म्हणून भाड्याच्या घराची किल्ली मिळाल्यावर मी एकटी आधी जाऊन रिकाम्या घरात एक कागद फ्रिजवर आणि एक स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवून आले. वाचायला घरात चिटपाखरू नव्हतं. आणखी एक गोष्ट वकीलबाईंनी बजावून सांगितली, की वादळाचे व्हिडिओ विकायचे नाहीत. या व्हिसावर दुसरी कमाई चालत नाही. म्हणजे हौस ती हौसच, आणि पेट्रोल आपल्या खिशातलं.

घर बघताना इथले लोक शाळा, बाग वगैरे विचारण्याआधी तळघर आहे का ते विचारतात. आमच्या घराच्या गॅरेजमध्ये गाडीखाली फरशीत पोलादी झाकण आहे. ते सरकवलं की खाली उतरायला पायऱ्या आणि सहा माणसं गुडघे जुळवून बसतील एवढी पेटी. तिची नोंद शहराकडे करायची असते, म्हणजे वर घर कोसळलं तर शोधणाऱ्यांना कुठे उकरायचं ते कळतं. फॉर्म भरताना नवरा गप्प होता. आई मात्र फोनवर सारखी विचारत होती, "तिकडे समुद्र कुठे आहे, मग चक्रीवादळ कसं येतं?" आपल्याकडची वर्तमानपत्रं टॉर्नेडोलाही चक्रीवादळच म्हणतात, त्याचा हा घोळ. शेवटी मी तिला वावटळ सांगितली, फक्त आभाळातून खाली उतरलेली आणि घरं उचलणारी. त्यावर ती म्हणाली, "मग तू तिथे कशाला गेलीस?"

नॉर्मन हे वादळवेड्यांचं पंढरपूर आहे. देशभरच्या वादळांचे अंदाज काढणारं केंद्र इथेच, वादळांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा इथेच, विद्यापीठ इथेच, आणि २००६ पासून हे सगळं एकाच इमारतीत. हवामान खात्याचा, वादळ कसं ओळखायचं आणि कळवायचं हे शिकवणारा वर्ग फुकट असतो. संध्याकाळचे दोनेक तास. मी दोनदा बसले. भिंतीसारखा खाली उतरलेला फिरता ढग आणि नुसतं लोंबणारं ढगाचं चिंधूक यातला फरक पहिल्या वेळी माझ्या टाळक्यात शिरला नव्हता. पाठलागाला परवाना वगैरे काही लागत नाही. कोणीही गाडी काढावी आणि सुटावं, हाच खरा धोका.

मला खरं शिकवलं ते त्या गाडी पुसणाऱ्या शेजाऱ्यांनी. सत्तरी ओलांडलेले, हॅम रेडिओवाले (हौशी बिनतारी संदेशवाले), कित्येक वर्षं खात्याला वादळं कळवणारे. तोंडाने मी त्यांना नावाने हाक मारते, मनात काकाच म्हणते. पहिल्या दिवशी त्यांनी मला एल रीनोला नेलं. ३१ मे २०१३ ला तिथे झालेला टॉर्नेडो ४.२ किलोमीटर रुंद होता. तेवढा रुंद आजवर नोंदलेला नाही. टिम समॅरास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे नावाजलेले अभ्यासक त्यात गेले. रस्त्याच्या कडेला त्यांचं स्मारक आहे, चारी बाजूंना शेतं. काका म्हणाले, ही माणसं बेफिकीर नव्हती, हे लक्षात ठेव. बाकी काही बोलले नाहीत. परतताना चिखलात ब्रेक कसा लावायचा ते मात्र शिकवलं, कारण इथली मातीची वाट पावसात लाल साबण होते.

एप्रिल-मेमधला दिवस असा जातो. सकाळी उठल्यावर केंद्राचा अंदाज बघायचा, एक ते पाच पायऱ्यांचा. ऑफिसात मान खाली घालून काम करायचं आणि अधूनमधून मेसोनेट उघडायचं. १९९४ पासून चालू असलेलं हे हवामान मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं राज्याच्या ७७ काउंट्यांपैकी प्रत्येकीत आहे आणि दर पाच मिनिटांनी नवे आकडे देतं. मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा आणि पश्चिमेच्या वाळवंटाकडची कोरडी हवा जिथे भिडतात, त्या रेषेला ड्रायलाइन म्हणतात. काही मैलांत दवबिंदू, म्हणजे हवेतल्या दमटपणाचं माप, अठरावरून पाचावर येतो, अंगाला कळतं. त्यावर वरच्या थरात उबदार हवेचं झाकण असतं. कुकरसारखंच: झाकण हलकं असेल तर सकाळीच वाफ निघून जाते, फार घट्ट असेल तर दिवसभर नुसतं तापतं आणि शिट्टी होतच नाही. आणि वाऱ्याची दिशा जमिनीपासून वर जाताना वळत गेली पाहिजे, तरच ढग स्वतःभोवती फिरतो.

पहिल्या हंगामात मी अकरा वेळा निघाले. सात वेळा शिट्टी झाली नाही. रणरणत्या उन्हात पेट्रोल पंपावर गाडी लावून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खायची आणि रात्री घरी यायचं. टॉर्नेडो एकदाच दिसला, दुरून, चारेक मिनिटं, बोटाएवढा. सुट्ट्या सगळ्या त्यात संपल्या. दिवाळीला घरी गेले नाही.

सांगायचा दिवस मात्र दुसऱ्या वर्षीचा, मेमधला. दुपारी एकला नऊ नंबरच्या रस्त्याने पश्चिमेला निघालो. गाडी मी चालवत होते, नवरा रडार बघत होता. चालवणाऱ्याने रडारकडे बघायचं नाही, हा काकांचा नियम. साडेचारला नैर्ऋत्येला पहिला ढग फुगला. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, कडा कातरल्यासारख्या. कार्नेगी गावाच्या दक्षिणेला एका उंचवट्यावर गाडी लावली, तोंड परतीच्या रस्त्याकडे, टाकी अर्ध्याच्या वर. उत्तरेला वॉशिता नदी आहे. नदीकडे जाणाऱ्या सगळ्याच वाटांना पूल नाही, म्हणून तिकडे जायचं नाही, हे आधीच ठरलं होतं.

वादळ पश्चिमेकडून येत होतं. वर वाटोळं, खालून सपाट, आणि त्या सपाट तळातून एक तुकडा खाली उतरलेला. तो फिरत होता. आवाज काहीच नाही. वारा आमच्या पाठीमागून त्याच्याकडे जात होता, गव्हाची सगळी शेतं तिकडेच झुकलेली. आमच्या मागून एक कागद उडत गेला आणि मी त्याच्याकडे बघत राहिले, जणू त्याला आमंत्रण होतं. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला होता.

काकांनी एक युक्ती शिकवली होती. समोरचा एखादा खांब धरायचा आणि ढगाचा खालचा तुकडा त्याच्या डावीकडे जातो की उजवीकडे ते बघायचं. कुठेच जात नसेल आणि मोठा होत असेल, तर तो तुमच्याकडे येतोय. मी विजेचा तिसरा खांब धरला. नवरा म्हणाला, रडारवर तर अजून ईशान्येला चाललंय. पण रडारचं चित्र चार-पाच मिनिटं शिळं असतं, आणि त्यात फोनची रेंज गेली. मी पुन्हा खांब बघितला. तुकडा तिथेच, खांबामागे. पुन्हा बघितला. तिथेच, पण आता खांबाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. वादळ उजवीकडे वळलं होतं.

"अजून पाच मिनिटं," नवरा म्हणाला. हा तोच माणूस, ज्याने तळघराच्या फॉर्मवर सही करताना तोंड उघडलं नव्हतं! मलाही पाच मिनिटं हवी होती. दोन वर्षं, दोन अर्ज, एक दिवाळी, आणि आता समोर हे. मी किल्ली फिरवली आणि दक्षिणेला निघाले. तो काही बोलला नाही, मान मागे वळवून बघत राहिला. माझ्या घशात आवंढा होता, भीतीचा नाही, चिडीचा.

तीन मैलांवर पहिली गार पडली. एकटीच, रस्त्यावर आपटून गाडीच्या उंचीइतकी उडाली. मग दुसरी. पाऊस नाही, काही नाही, वरून कोणी नेम धरून फेकावी तशी. चौथी पुढच्या काचेवर, माझ्या डोळ्यांसमोर. काच फुटली नाही, कोळ्याचं जाळं झालं. त्या जाळ्यातून बघत मी आणखी काही मैल गाडी हाकली.

नंतर कळलं, टॉर्नेडो झालाच नाही. त्या उंचवट्यावर थांबलो असतो तर गाडीची चाळण झाली असती, एवढंच. नवऱ्याने हे मला त्या आठवड्यात तीनदा ऐकवलं.

वादळ पुढे गेल्यावर आडवाटेने परत येताना एका शेतापाशी थांबावं लागलं, कारण वाटेवर फांद्या पडल्या होत्या. वास आधी आला. चिरडलेल्या हिरव्या पाल्याचा, थंड. गहू कंबरेतून मोडून जमिनीला चिकटला होता, मध्ये पांढऱ्या गारांचे ढीग, त्यातून वाफ निघत होती. एक शेतकरी ट्रक लावून बांधावर उभा होता. हात खिशात. त्याने आमची काच बघितली आणि विचारलं, "तुमच्याकडे केवढी पडली?" मी म्हटलं, गोल्फच्या चेंडूएवढी. इथे सगळे असंच मोजतात: मटार, नाणं, गोल्फ बॉल, बेसबॉल. नाण्याएवढी, म्हणजे इंचभर झाली, की खात्याच्या लेखी वादळ 'तीव्र'.

"वादळ बघायला आलात?"

हो म्हणावं लागलं. त्याने नुसती मान हलवली. मग सांगितलं, दोन आठवड्यांत मळणीचं यंत्र येणार होतं. मला एकदम आमची बाग आठवली आणि मी काहीतरी पुटपुटले, काय ते आता आठवतही नाही. त्याने ट्रकमधल्या बर्फाच्या पेटीतून एक गार काढली, सगळ्यात मोठी, आणि म्हणाला, तुला हवी असेल तर ने. दशमीचा स्टीलचा डबा रिकामा होता. त्यात ती ठेवून, वरून गारांचाच चुरा भरून घरी आणली.

आता ती आमच्या फ्रीझरमध्ये आहे, खोवलेल्या नारळाच्या पिशवीशेजारी. पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवली. त्यांचं माप वेगळं: हरभरा, बोर, लिंबू. म्हणाले, "लिंबू धर गं शेजारी." धरलं. गार मोठी होती. कडेला काटे आल्यासारखी, आत एकावर एक पांढरे आणि काचेसारखे थर. अण्णा चष्मा वर करून बराच वेळ बघत होते.

"त्या माणसाच्या गव्हाचा विमा होता का?"

विचारलं नाही, म्हटलं.

"विमा कंपनीत कामाला आहेस ना तू?"