जेवणाऐवजी शेक चालते का, मॅडम?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि जरा सविस्तर सांगते कारण याचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं देता येत नाही. मी नागपुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हा प्रश्न मला क्लिनिकमध्ये, लग्नात, अगदी गोकुळपेठ मार्केटमध्ये भाजी घेतानासुद्धा विचारतात. मिहानमधल्या कंपन्यांत रात्रपाळी करणारी पोरं विचारतात, लग्न ठरलेल्या मुली विचारतात, नुकतीच शुगर निघालेले काका विचारतात. माझं म्हणणं एवढंच आहे की जे जेवण तसंही होतच नाहीये, किंवा जे म्हणजे रोज टपरीवरचा समोसा आणि चहा, त्याच्या जागी नीट बनवलेला शेक घ्या, खुशाल घ्या. पण घरी पोळी, भाजी, वरण शिजलेलं असताना ते सोडून शेक पिणं मला पटत नाही.

नीट बनवलेला का म्हणते ते सांगते. घरी स्मूदी म्हणून जे बनतं त्यात साधारण दोन केळी, थोडा आंबा, चार खजूर, दोन मोठे चमचे मध आणि मोठा ग्लास म्हशीचं दूध असतं. चव छान लागते, पण हिशोब केला तर साडेसहाशे कॅलरीच्या वर जातं आणि प्रोटीन जेमतेम 12-13 ग्रॅम. दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, भाजी, कोशिंबीर हे सगळं मिळून साडेचारशे-पाचशेच्या आसपास येतं आणि प्रोटीन तेवढंच किंवा थोडं जास्तच मिळतं, वर चावायला लागतं. मध नैसर्गिक आहे म्हणून चालतो असं बरेच जण म्हणतात, पण जागतिक आरोग्य संघटना मध, सिरप आणि फळांचा रस यांतली साखर वेगळी काढत नाही, ती सगळी मोकळ्या साखरेतच धरते आणि ती दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते, जमलं तर 5 टक्के.

आपल्याकडे संत्र्याचा रस हा तर वेगळाच विषय. सीझनमध्ये कळमन्याच्या बाजारातून पेटी येते, घरोघरी ज्यूसर निघतो आणि मग "आज रात्री फक्त संत्र्याचा ज्यूस" सुरू होतं. अहो, संत्रं खा ना! सोलून, फोडी करून, पांढऱ्या रेषांसकट खा. रसाच्या ग्लासात तीन-चार संत्री जातात, चोथा फेकला जातो, प्रोटीन दोन ग्रॅमसुद्धा नसतं आणि तासाभरात भूक लागते, मग रात्री अकराला फ्रिज उघडला जातो.

भूक लागते ती तुमच्या मनाची कमजोरी नाही, हे मला आवर्जून सांगायचंय कारण पोरी फार अपराधी चेहऱ्याने सांगतात की मॅडम कंट्रोल नाही झालं. 2009 मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी सफरचंदावर एक साधा प्रयोग केला होता, जेवणाआधी सारख्याच कॅलरीचं अख्खं सफरचंद, सफरचंदाचा सॉस आणि रस असं वेगवेगळ्या दिवशी दिलं. अख्खं सफरचंद खाल्लं त्या दिवशी पुढचं जेवण सगळ्यात कमी गेलं, आणि रसात वेगळं फायबर घातलं तरी तो काही सफरचंदाइतका पोटाला लागला नाही. चावणं, वेळ लागणं, पोटात घट्ट काहीतरी जाणं, हे सगळं पोट भरण्यात मोजलं जातं.

मग शेक बनवायचाच तर कसा? कोडेक्स म्हणजे खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था, तिचं वजन कमी करायच्या अशा पदार्थांसाठी 1991चं मानक आहे. एका जेवणाच्या जागी घ्यायचा असेल तर 200 ते 400 कॅलरी हव्यात आणि त्यातल्या निदान पाव कॅलरी प्रोटीनमधून यायला हव्यात. मी रात्रपाळीवाल्या पोरांना सांगते ते असं, एक ग्लास टोन्ड दूध, दोन मोठे चमचे भाजलेल्या चण्याचं सत्तू, दोन चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर, चमचाभर भाजून कुटलेला जवस. साखर नाही, मध नाही, गोड हवंच तर अर्धं केळं. हे साडेतीनशे-चारशे कॅलरीत बसतं, 20-22 ग्रॅम प्रोटीन मिळतं, म्हणजे पाव कॅलरींच्या जवळपास, आणि सत्तू-जवस दोन्ही आपल्याकडे इतवारीत कुठेही मिळतात, हजारो रुपयांचा डबा लागत नाही. सत्तूच्या गुठळ्या होतात म्हणून आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या, आणि जवस आदल्या रात्री घालून ठेवू नका, सकाळपर्यंत सगळं चिकट होतं आणि पोरं फेकून देतात. हा शेक सकाळी किंवा शिफ्टच्या मधे घ्या, रात्रीच्या जेवणाच्या जागी नको.

हिरव्या स्मूदीचं एकच सांगते. ज्यांना किडनी स्टोन झालेला आहे त्यांनी रोज कच्चा पालक वाटून पिऊ नये, त्यात ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमशी जुळून खडा बनवणारा घटक, भरपूर असतो, आणि आपल्या मे महिन्यात अंगातलं पाणी घामावाटे किती जातं ते तुम्हाला माहीतच आहे.

आता शुगरवाले काका. त्यांच्याकडे हमखास फॉरवर्ड आलेला असतो की शेकवर डायबिटीस जातो. ही गोष्ट हवेतून आलेली नाही, ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाची मोठी ट्रायल झाली, 2017 मध्ये निकाल आले, तीन ते पाच महिने दिवसाला साधारण 850 कॅलरीच्या शेक आणि सूपवर लोकांना ठेवलं आणि वर्षभरानंतर त्यातल्या 46 टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय डायबिटीसच्या रेषेखाली होती. मला स्वतःला ती ट्रायल फार आशादायक वाटते. पण फॉरवर्डमध्ये पुढचं नसतं. हे टाईप टू वाले होते, डायबिटीस होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्शुलिन न घेणारे, पहिल्याच दिवशी शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या, नर्स किंवा डायटिशियन सोबत होते आणि नंतर हळूहळू जेवण परत सुरू केलं होतं. तुम्ही ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्शुलिन चालू ठेवून जेवणाऐवजी दोनशे कॅलरीचा शेक घेतलात तर शुगर धाडकन खाली येऊन चक्कर येऊन पडाल. आणि नुसत्या प्रोटीनच्या पाण्यावर तर कुणीच राहू नये, 1970च्या दशकात अमेरिकेत तसलं लिक्विड प्रोटीन घेऊन लोकांच्या हृदयाचे ठोके बिघडले, मृत्यू झाले.

ज्यांना खरंच शेकवर राहावं लागतं ती माणसं मात्र हा प्रश्न विचारत नाहीत, त्यांच्या बायका विचारतात. नागपुरात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटलेलं मिश्रण, किती खाल्ला जातो ते काय सांगायचं. त्यातल्या सुपारीने तोंडाची आतली कातडी घट्ट होत जाते, तीन बोटं जायला हवीत तिथे एकच बोट जातं, पोळीचा घास आत जात नाही, तिखट लागलं तर डोळ्यात पाणी. काहींना पुढे कॅन्सर निघतो, ऑपरेशन, रेडिएशन. अशा घरची बाई स्टीलच्या डब्यात वरणाचं वरवरचं पाणी आणि मोसंबीचा रस घेऊन दवाखान्यात बसलेली असते, सकाळपासून तेवढंच देत असते आणि तिला वाटतं आपण पौष्टिक देतोय. वरणाच्या पाण्यात फार काही नसतं हो, प्रोटीन खाली डाळीत राहतं. या माणसासाठी वर सांगितलेलं सगळं उलटं करायचं. मुगाची खिचडी मऊ शिजवून, मिक्सरमधून काढून, गाळून, त्यात दोन चमचे साजूक तूप आणि दुधाची पावडर. शेकमध्ये शेंगदाण्याचं बारीक वाटण, पूर्ण सायीचं दूध, केळं, खजूरसुद्धा. तिखट नाही, आंबट नाही, गरम नाही, कोमट द्या. एकदम मोठा ग्लास संपत नाही, म्हणून दर दोन तासांनी वाटीभर. स्ट्रॉने द्यायचं की चमच्याने हे ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारा, टाके असतील तर ओढणं चालत नाही. दर आठवड्याला वजन करा आणि कमी होत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता दाखवा, अन्न देण्यासाठी नळी घालायची वेळ आहे का ते लवकर कळलेलं बरं.

बाकी कुणाला सुरू करायचंच असेल तर भेटायला येताना चालू गोळ्यांची चिठ्ठी आणा, आणि पावडरचा डबा घेतला असेल तर तोही आणा, मागचं लेबल आपण सोबत बसून वाचू.